पन्हाळा, पाऊस आणि दारूगोळा

पावसाळी पन्हाळा म्हणजे धुकं, कांदाभजी आणि मोबाइलभर फोटो... एवढाच साधासोपा प्लॅन होता. पण सोबत केमिकल इंजिनीअर असला की वीकएण्डचं काय होतं, ते वाचा!

‘पन्हाळ्यावर ग्रीक फायर होतं का गं?’

वाघबीळचा फाटा मागे टाकून एसटी घाट चढायला लागली होती. खिडकीची काच बंद व्हायला तयार नव्हती, माझी डावी बाही चिंब झाली होती आणि शेजारी बसलेल्या माणसाला हा प्रश्न पडला होता. या माणसाचं नाव मी सांगणार नाही, का ते पुढे कळेलच. कॉलेजात आम्ही त्याला ‘केमिकल’ म्हणायचो. इथेही तेच चालवून घेऊ.

केमिकलचं ग्रीक फायरचं वेड जुनं आहे. त्याच्या दादाच्या खटारा डेस्कटॉपवर ‘एज ऑफ एम्पायर्स’ होता. बाकीची मुलं घोडदळ वाढवत बसायची, हा पठ्ठ्या कायम बायझन्टाईन घ्यायचा आणि समुद्रात फायर शिप सोडून सगळ्यांची जहाजं जाळायचा. पुढे इंजिनीअर झाला, एका रंगाच्या कंपनीत फॉर्म्युलेशनचं काम करायला लागला, पण वेड तसंच. जगातल्या कुठल्याही लॅबला आजवर तो फॉर्म्युला शंभर टक्के सापडलेला नाही, हे तो असं सांगतो, जणू त्याच्याच आजोबांनी तो कुठेतरी लपवून ठेवलाय.

खरं तर या ट्रिपला तो येईल असं वाटलं नव्हतं. मला मान्सून स्पेशलसाठी पन्हाळा करायचा होता, मी सहज मेसेज टाकला आणि दोन मिनिटांत ‘निघूया’ असं उत्तर आलं. शुक्रवार सकाळ. ऑफिस नाही का तुला? ‘नाहीये,’ एवढंच म्हणाला. पुणे ते कोल्हापूर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, त्यातलं साताऱ्यापर्यंतचं अंतर झोपेत गेलं, कऱ्हाडला चहा झाला आणि मग हळूहळू गोष्ट बाहेर आली. त्याच्या कंपनीतल्या एका कोटिंगची रेसिपी एका क्लायंटकडे पोहोचली होती. पाठवणारा हाच. साहेबांनी फोनवर ‘अरे पाठवून दे, ट्रायल तरी बघू दे त्यांना’ म्हटलं होतं. फोनवर! मेल नाही, मेसेज नाही. वरती बोंब झाल्यावर साहेबांना असं काही म्हटल्याचं आठवेना. आता एचआरने एक पान दिलं होतं. ‘हे मी स्वतःच्या मर्जीने केलं’ अशा अर्थाच्या चार ओळी, खाली सहीची जागा. सही केली तर रिलीव्हिंग लेटर लगेच. नाही केली तर बघू, म्हणाले. सोमवारपर्यंत मुदत. ते पान प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून त्याने सॅकमध्ये, टॉवेलच्या खाली ठेवलं होतं.

तर अशा माणसासोबत मी पन्हाळा बघायला निघाले होते.

कोल्हापुरात उतरून मिसळ हाणली (हे न करता पुढे जाणाऱ्यांबद्दल मला काही बोलायचं नाही) आणि सीबीएसवरून पन्हाळा गाडी पकडली. अंतर जेमतेम २० किलोमीटर. गड समुद्रसपाटीपासून जवळपास ९७५ मीटरवर आहे, गाडी थेट वर जाते, त्यामुळे ‘ट्रेक केला’ असं स्टेटस टाकायची सोय नाही. शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस हा किल्ला बांधला, मग यादव, बहामनी, आदिलशाही, मराठे, मोगल असे सगळे येऊन गेले. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात पन्हाळाही आहे. पण पन्हाळ्याची खरी गंमत अशी की हा ‘रहाता’ गड आहे. तटाच्या आत गाव आहे, शाळा आहे, हॉटेलं आहेत, दोरीवर न वाळणारे कपडे आहेत. सात-सव्वासात किलोमीटरचा घेर, आणि त्यात जुलैमध्ये दहा फुटांवरचं दिसत नाही असं धुकं.

चार दरवाजापाशी उतरलो. म्हणजे जिथे तो होता तिथे. १८४४ साली कोल्हापुरात गडकऱ्यांचं बंड झालं, ते मोडून काढताना इंग्रजांनी तो पाडला. तिथून पुढे बाजीप्रभूंचा पुतळा, दोन्ही हातांत तलवारी. केमिकलने पुतळ्याखाली उभं राहून फोटो काढून घेतला नाही. एरवी काढला असता.

नळीतली आग

तीन दरवाजाच्या देवडीत आम्ही पाऊस थांबायची वाट बघत बसलो. काय दगड आहे महाराजा! काळाकभिन्न, भिजून चकाकणारा, वर बारीक कोरीव काम आणि फारसी शिलालेख. बाहेर झोडपणारा पाऊस आणि आत केमिकलचं लेक्चर. संक्षेपात सांगते, कारण खरंच भारी आहे.

इसवी सन ६७२ च्या सुमारास कॅलिनिकोस नावाचा एक माणूस सीरियातून पळून कॉन्स्टॅन्टिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला आला. अरबांचं आरमार शहरावर चालून येत होतं. या गृहस्थाकडे एक फॉर्म्युला होता. जहाजाच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकावर, एक नळी बसवायची, मागून पंपाने दाब द्यायचा आणि पेटतं तेल समोरच्या जहाजावर फवारायचं. ही आग पाण्यावरही जळत रहायची! लाकडी जहाजं, डांबर लावलेले दोर, कापडी शिडं... विचार करा. पुढे ७१७-१८ च्या वेढ्यात अरबांविरुद्ध आणि ९४१ मध्ये रशियाकडून आलेल्या आरमाराविरुद्ध याच आगीने शहर वाचवलं. अ‍ॅना कॉम्निनी या राजकन्येने लिहिलेल्या इतिहासात तर या नळ्यांना सिंहांची वगैरे तोंडं बसवल्याचं वर्णन आहे, म्हणजे जनावरच आग ओकतंय असं वाटावं. फुल्ल ड्रामा!

ते लोक स्वतः याला ‘ग्रीक फायर’ म्हणत नव्हते. ते ‘समुद्री आग’, ‘द्रवरूप आग’ म्हणायचे. ग्रीक हे नाव नंतर बाहेरच्यांनी दिलं. आणि गुप्तता तर विचारू नका. दहाव्या शतकात सम्राट सातवा कॉन्स्टॅन्टाईन याने मुलासाठी राज्यकारभाराची एक पुस्तिका लिहून ठेवली. परक्यांनी हे अस्त्र मागितलं तर काय सांगायचं, तेही त्यात आहे. सांगायचं की हे देवदूताने दिलेलं गुपित आहे, बाहेर देण्याची आम्हाला परवानगी नाही. वर एक धमकीवजा गोष्टही जोडली आहे. एका अधिकाऱ्याने लाच खाऊन ही आग परक्यांना दिली, आणि तो चर्चमध्ये पाऊल ठेवणार तोच आकाशातून आग येऊन त्याला गिळून गेली!

‘पहिला एनडीए,’ मी म्हटलं. केमिकल हसला. पण फार नाही.

मला स्वतःला आवडला तो बल्गेरियाचा किस्सा. ८१२ साली बल्गेरियनांच्या क्रुम नावाच्या राजाने एक बायझन्टाईन शहर जिंकलं. लुटीत त्याला त्या ३६ नळ्या मिळाल्या, आणि वर ते आगीचं द्रव्यही. सगळा माल हातात! पण त्याने ते कधी वापरल्याची नोंदच नाही. कारण तेल कसं तापवायचं, दाब किती द्यायचा, केव्हा सोडायचं, हे ज्यांना माहीत ते लोक त्याच्याकडे नव्हते. जॉन हॅल्डन नावाच्या इतिहासकाराने सहकाऱ्यांना घेऊन कच्चं तेल, राळ, पंप अशी जुळवाजुळव करून हा प्रयोग करून बघितला आहे. आगीचा लोट निघतो. पण जुन्या लोकांचं नेमकं मिश्रण आणि त्यांचा हात, तो गेला तो गेलाच.

‘म्हणजे गुपित बाटलीत नसतं,’ केमिकल म्हणाला. ‘हातात असतं. हे आमच्या साहेबांना कुणीतरी सांगायला हवं होतं. नुसत्या रेसिपीवर त्या क्लायंटला काही करता येणार नाही. त्यांचा बॅच फुटणार.’

‘मग तू एवढा का घाबरलायस?’

‘घाबरलो नाहीये,’ तो म्हणाला आणि छत्री उघडली.

राजापूरचा सेल्समन

पाऊस उणावल्यावर एक गाइडकाका गाठ पडले. साठीच्या पुढचे, डोक्यावर टोपी, टोपीवर प्लॅस्टिकची पिशवी. ‘काय पावणं, कुठनं आलाय?’ पासून सुरुवात आणि पाच मिनिटांत आम्ही त्यांच्या मागे. अंधारबाव दाखवली (तीन मजली विहीर, बाहेरून पत्ता लागू नये अशी बांधलेली), अंबरखान्याच्या गंगा-यमुना-सरस्वती कोठारांत फिरवलं. एकट्या गंगेत २५ हजार खंडी धान्य मावायचं, असं ते सांगत होते. खंडी म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. आत उभं राहिलं की आपलाच आवाज मागून परत येतो, तेवढं पुरे होतं. सज्जाकोठीवर गेलो, तर खाली नुसतं पांढरं. ‘हितनं जोतिबा दिसतो,’ काका म्हणाले. आम्ही मान डोलावली.

मग केमिकलने न राहवून तो प्रश्न विचारला. इथे तेलाची आग, पेटते गोळे, असलं काही होतं का?

‘होतं की! सिद्दी जौहरच्या येढ्यात टोपीकरांनी आणलं होतं. पेटतं गोळं. राजापूरनं.’

ही गोष्ट आपण सगळे शाळेत वाचतो, पण अर्धीच. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफझलखान मारला गेला, आणि १८ दिवसांत, २८ नोव्हेंबरला, शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला. आदिलशहाने सिद्दी जौहरला पाठवलं. मार्च १६६० मध्ये वेढा पडला आणि महाराज आत अडकले. पावसाळ्यात वेढा ढिला पडतो, हा सगळ्यांचा अनुभव. जौहर मात्र हलला नाही. छपरं शाकारून त्याची फौज तशीच बसून राहिली. इथपर्यंत माहीत असतं. मधला एक माणूस आपण विसरतो. हेन्री रेव्हिंग्टन. ईस्ट इंडिया कंपनीच्या राजापूर वखारीचा प्रमुख.

म्हणजे बघा, चांगली नोकरी. हेड ऑफिस सुरतेला, ब्रँच राजापूरला. कापड, मिरी असला धंदा. वर्षाच्या सुरुवातीला याच रेव्हिंग्टनचा मराठ्यांशी अगदी गोडीचा पत्रव्यवहार चालू होता. आणि काही आठवड्यांत क्लायंट बदलला! जौहरला उखळी तोफ आणि तिचे स्फोटक गोळे हवे होते. रेव्हिंग्टनने माल दिला, आणि नुसता दिला नाही, तर सहकाऱ्यांना घेऊन सह्याद्री चढून स्वतः पन्हाळ्याखाली येऊन उभा राहिला. तोफ डागली. आणि त्या वेळी तिथे इंग्रजांचं निशाण फडकत होतं.

हा गोळा म्हणजे काय प्रकार, ते केमिकलने सज्जाकोठीच्या कट्ट्यावर छत्रीच्या दांड्याने मला समजावलं. साध्या तोफेचा गोळा भरीव. तो तटावर आदळतो, दगड फोडतो. पन्हाळ्याचा तट एवढ्या उंच कड्यावर की खालून भरीव गोळे मारून फारसं काही साधत नाही. उखळी तोफेची नळी आखूड आणि जाड, तोंड आकाशाकडे. ती गोळा वर फेकते आणि तो तटावरून आत पडतो. आणि गोळा पोकळ! आत बंदुकीची दारू. त्याला एक भोक, त्यात लाकडी नळी, नळीत हळूहळू जळणारी दारू ठासलेली. ही वात किती लांब ठेवायची यावर सगळा खेळ. आखूड झाली तर गोळा हवेतच फुटणार, नशीब फारच वाईट असेल तर तोफेतच. लांब झाली तर गोळा आत पडून धूर सोडत बसणार आणि कुणीतरी त्यावर पाणी ओतणार. कुठल्या उंचीवर, किती लांब, हे अनुभवी हाताशिवाय जमत नाही.

‘म्हणून त्याला स्वतः यावं लागलं!’ केमिकलचे डोळे चमकले. ‘क्रुमच्या ३६ नळ्यांसारखं. माल विकला की सर्व्हिस इंजिनीअरपण पाठवावा लागतो.’

‘आन् येवढं करून काय झालं?’ काका म्हणाले. ‘गड पडला न्हाई.’

नाहीच पडला. १२ जुलै १६६० च्या रात्री, आषाढ पौर्णिमेला, पण ढगांनी गच्च भरलेल्या, महाराज राजदिंडीतून बाहेर पडले. सोबत सहाशेच्या आसपास माणसं. नेबापूरचा शिवा काशीद महाराजांचं रूप घेऊन पालखीत बसला आणि जौहरच्या लोकांच्या हाती लागला. पुढे घोडखिंड, बाजीप्रभू, बांदलांची माणसं, विशाळगडावरच्या तोफांचे आवाज. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, आणि मी इथे चार ओळींत सांगून त्याचा कचरा करणार नाही. पन्हाळा नंतर सप्टेंबरमध्ये तहाने आदिलशहाकडे गेला. १६७३ च्या मार्चमध्ये कोंडाजी फर्जंदाने अवघ्या ६० माणसांनिशी तो परत घेतला, त्याला ना उखळी तोफ लागली ना गोळे. काका हे सांगताना दर वेळी ‘साठ!’ म्हणून थांबतात आणि आपल्या चेहऱ्याकडे बघतात.

मग त्यांनी धुक्यात हात करून पावनगड दाखवला. शेजारचाच डोंगर, महाराजांनी पन्हाळा परत घेतल्यावर तटबंदी करून घेतलेला. २०२२ च्या जानेवारीत तिथे दिशादर्शक फलकासाठी खड्डा खणताना चारशेहून जास्त जुने तोफगोळे निघाले. ‘त्यातला एखादा रेव्हिंग्टनचा असेल?’ केमिकलने विचारलं. ‘ह्यॅ! ते आपलं,’ काका म्हणाले. विषय संपला.

सुरतेचं पत्र

रेव्हिंग्टनची पुढची गोष्ट मी निघायच्या आधी वाचून ठेवली होती. सांगावी की नाही, विचार करत होते. पुसाटी बुरुजावर वारं इतकं होतं की छत्र्या मिटून नुसतंच भिजत उभं राहायचं. तिथे सांगितली.

महाराज विसरले नाहीत. १६६१ च्या मार्चमध्ये मराठे राजापुरावर गेले, इंग्रजांची वखार खणून लुटली आणि रेव्हिंग्टनसकट तिथले इंग्रज कैदेत टाकले. कैदी किल्ल्यावर. कंपनी सुरतेत. कैद्यांनी पत्रांवर पत्रं लिहिली की आम्हाला सोडवा, कंपनीच्या मालासाठी आम्ही हे भोगतोय. महिने गेले. चिडून आणखी लिहिलं. मग मार्च १६६२ मध्ये सुरतेहून जे उत्तर आलं, ते कंपनीच्या दप्तरात आजही आहे. त्याचा मतलब असा, की तुम्ही कैदेत का आहात ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे, कंपनीचा माल राखताना तुम्ही पकडले गेला नाहीत, तुम्ही पन्हाळ्याच्या वेढ्यात गेलात आणि सगळ्यांना ओळखू येईल असं इंग्रजांचं निशाण लावून गोळे फेकलेत, त्याची ही फळं.

केमिकल काही बोलला नाही. मी पुढचंही सांगून टाकलं. कैदी सुटायला १६६३ साल उजाडलं. आणि त्यानंतर वर्षानुवर्षं ही कंपनी महाराजांकडे कशाची भरपाई मागत होती? राजापूरच्या वखारीची! १६७४ मध्ये राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला, तेव्हाच्या तहात राजापूरच्या नुकसानीपोटी १० हजार होन कबूल करून घेतले. माणसं ‘स्वतःच्या मर्जीने’ गेली होती. माल मात्र कंपनीचा होता.

‘त्याला सुरतेहून कुणी सांगितलं होतं का, जा म्हणून?’ बऱ्याच वेळाने केमिकलने विचारलं.

‘निदान पत्रात तरी त्याला कुणी सांगितलेलं नाही.’

‘पत्रात कसं असेल!’

इथे एक सांगायला हवं. मला रेव्हिंग्टनबद्दल अजिबात सहानुभूती नाही. भाड्याने येऊन दुसऱ्याच्या गडावर बॉम्ब टाकणारा माणूस तो. आणि केमिकलचंही चुकलंच होतं, नाही असं नाही. तोंडी सांगण्यावर कुणी रेसिपी पाठवतं का? तिथे बुरुजावर मी त्याला तसं म्हटलंही. तो म्हणाला, ‘मला माहितीये.’ आणि मग म्हणाला, ‘पण ते एकच वाक्य खोटं आहे गं. बाकी सगळं खरं आहे. मर्जीने, हे खोटं आहे.’

सर्द होऊ देऊ नका

पन्हाळ्यावर आणखी एक जागा आहे, जिथे गर्दी नसते. रामचंद्रपंत अमात्यांची समाधी. ‘आज्ञापत्र’ हा राज्यकारभारावरचा मराठीतला मोठा ग्रंथ त्यांच्या नावावर आहे, १७१५-१६ च्या सुमाराचा, कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी लिहिलेला. तेव्हा पन्हाळा ही करवीर राज्याची राजधानी. त्या ग्रंथात किल्ल्यांवर एक प्रकरण आहे आणि त्यात दारूखाना कसा असावा याच्या सूचना आहेत. मी वाचल्या तेव्हा थक्क झाले. आजच्या कुठल्याही फॅक्टरीच्या सेफ्टी मॅन्युअलमध्ये चालतील! दारूखाना घरांजवळ नसावा, वाऱ्याच्या वाटेत नसावा. भोवती दाट कुंपण. आत तळघर, त्यात गच्ची, त्यावर माच घालून दारूची मडकी ठेवायची. बाण आणि होके मधल्या खोलीत. होके म्हणजे दारू भरून पेटवून फेकायचे गोळे. बाण म्हणजे अग्निबाण, रॉकेटच. आणि हे सगळं सर्द होऊ द्यायचं नाही. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन माल बाहेर काढायचा, ऊन दाखवायचं, आत ठेवून पुन्हा मोहोर लावायची. रात्रंदिवस पहारा. परवानगीशिवाय आसपास कुणी फिरकता कामा नये.

देवदूत नाही, आकाशातून पडणारी आग नाही. कोण जबाबदार, केव्हा तपासायचं, मोहोर कुणाची, हे स्पष्ट सांगितलेलं. बायझन्टाईन सम्राटापेक्षा मला हा माणूस जास्त भावतो. पन्हाळ्याचा पाऊस ज्याने पाहिलाय त्यालाच ‘ऊन दाखवा’ हे इतक्या काळजीने लिहिता येतं.

त्याच ग्रंथात टोपीकरांबद्दलही आहे. हे इतर सावकारांसारखे व्यापारी नव्हेत, यांच्या मागे यांचे राजे आहेत. यांचं बळ आरमार आणि दारूगोळ्यात, तेव्हा यांना समुद्रकिनारी जागा देऊ नका, द्यायचीच तर आत कुठेतरी, आपल्या नजरेखाली. रेव्हिंग्टनची तोफ पन्हाळ्याखाली वाजून तेव्हा ५५ वर्षं झाली होती. १६७९ मध्ये खांदेरीच्या समुद्रात मराठ्यांच्या छोट्या होड्या कंपनीच्या जहाजांना भिडल्या होत्या. तोवर टोपीकर काय चीज आहे हे सगळ्यांना कळलं होतं.

समाधीपाशी आम्ही दहा मिनिटं उभे होतो. केमिकलने फोनवर तो दारूखान्याचा उतारा दोनदा वाचायला लावला. दुसऱ्यांदा ‘मोहोर’ला थांबला.

संध्याकाळी तबक उद्यानाच्या बाजूला एका टपरीत शिरलो. ताडपत्री, दोन बाकडी, मावशी आणि विझलेली चूल. झुणका-भाकर, भजी, चहा. मावशी फुंकणीने फुंकत होत्या, धूर डोळ्यांत जात होता, लाकूड काही पेट घेत नव्हतं.

‘सर्द झालंय वो,’ मावशी म्हणाल्या. ‘वाईच थांबा.’

केमिकलने माझ्याकडे बघितलं. मावशी आत गेल्या, पत्र्याच्या डब्यातून सुकी ढलपी काढली, कंबरेच्या पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी काढली. ‘रोज सकाळी चुलीच्या वर ठिवते. न्हाईतर धंदा बसला की!’ एका काडीत चूल पेटली.

भजी तळायला पडली आणि केमिकलने सॅकमधून, टॉवेलच्या खालून, तो फोल्डर काढला. ‘पेन आहे?’ माझ्याकडे पत्रकाराचं पेन, म्हणजे निम्मं लिहितं. दिलं. त्याने पान उलटं केलं. मागच्या कोऱ्या बाजूवर तारीख लिहिली. मग वेळ. फोन काढून कॉल हिस्टरीत खाली खाली जात राहिला आणि पुन्हा वेळ खोडून बरोबर लिहिली, मिनिटांसकट. कुणाचा फोन, किती वेळ, नेमकं काय म्हणाले. ‘ट्रायल तरी बघू दे त्यांना’ हे अवतरण चिन्हांत. खाली, ‘मी पाठवायला नको होतं. पाठवलं,’ हेही. सगळं मराठीत, बाळबोध अक्षरात, चुलीच्या उजेडात. सही त्याने याच बाजूला केली.

‘हे देणार?’

‘आधी फोटो काढ. नीट. तेल लागायच्या आत.’

मी काढला. दिवसभरात पन्हाळ्यावर मी जवळजवळ दोनशे फोटो काढले. धुकं, धुकं आणि धुकं. हा एकच स्वच्छ आलाय.

मावशींनी प्लेट पुढे ठेवली. ‘अजून यक टाकू का?’

‘टाका,’ केमिकल म्हणाला. ‘मिरच्या पण.’